मदत हवी आहे: राउटर बंद-चालू केला की सेव्ह केलेलं कॉन्फिग लागत नाही

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये नेटवर्किंगची प्रॅक्टिकल्स घेते. आमची मुलं आजवर सगळं पॅकेट ट्रेसरवरच, म्हणजे संगणकावर नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवरच शिकली. यंदा लॅबला सिस्कोचा एक जुना १८४१ राउटर मिळाला. खऱ्या राउटरवर कमांड द्यायला मिळणार म्हणून मुलं फार उत्साहात आहेत, म्हणून इथे विचारते आहे.

कन्सोल केबल यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने जोडली आहे. पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये स्पीड ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल बंद. प्रॉम्प्ट व्यवस्थित येतो. होस्टनेम, एनेबल सीक्रेट, फास्टइथरनेट ०/० आणि ०/१ ला आयपी, ‘नो शटडाउन’ एवढं केलं की पिंगही जातो. शेवटी ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ देते, म्हणजे आत्ता चालू असलेलं कॉन्फिग बूट होताना वाचायच्या कॉन्फिगमध्ये सेव्ह करते, ओके येतं.

पण राउटर बंद करून चालू केला की कोरा! इनिशियल कॉन्फिगरेशन डायलॉगमध्ये जायचं का, असं विचारतो, होस्टनेम पुन्हा नुसतं ‘राउटर’ आणि दोन्ही पोर्ट डाउन. आणि तशातही ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’ दिलं तर मी सेव्ह केलेलं जसंच्या तसं दिसतं. ‘राइट मेमरी’ वापरूनही तेच. प्रत्येक बॅचचा बराच वेळ पुन्हा आयपी टाकण्यात जातो. मेमरी गेली असेल का?

प्रतिसाद १

जुना आहे, एनव्हीरॅम (स्टार्टअप-कॉन्फिग साठवणारी मेमरी) गेली असणार. एकदा ‘राइट इरेज’ करून, म्हणजे सेव्ह केलेलं पुसून पाहा.

प्रतिसाद २

ताई, इरेज अजिबात करू नका. वीज गेल्यानंतरही स्टार्टअप-कॉन्फिग दिसतंय, म्हणजे एनव्हीरॅम ठणठणीत आहे. ‘शो व्हर्जन’ द्या आणि अगदी शेवटची ओळ बघा. कॉन्फिगरेशन रजिस्टर (राउटरने कसं बूट व्हायचं ते ठरवणारा आकडा) किती दाखवतो?

धागाकर्ती

०एक्स२१४२.

प्रतिसाद २

मग सापडलं. नेहमीची किंमत ०एक्स२१०२ असते. २१४२ मध्ये सहावा बिट चालू असतो. त्याचा अर्थ, बूट होताना स्टार्टअप-कॉन्फिगकडे दुर्लक्ष कर. विसरलेला पासवर्ड काढून टाकायला रॉममॉनमध्ये (राउटरच्या मूळ बूट-प्रोग्रॅममध्ये) जाऊन हीच किंमत टाकतात. आधीच्या जागी कोणीतरी तसं केलं असेल आणि रजिस्टर परत बदललं नसेल.

कॉन्फिगर टर्मिनल
कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२
एंड
रीलोड

रीलोड देताच कॉन्फिगरेशन बदललंय, सेव्ह करू का, असा प्रश्न येईल. तिथे ‘नो’ म्हणा. हे फार महत्त्वाचं आहे. राउटर आत्ताच कोरा उठला असेल तर रनिंग-कॉन्फिग रिकामं आहे. ‘येस’ म्हटलंत तर तेच रिकामं कॉन्फिग तुमच्या चांगल्या कॉन्फिगवर लिहिलं जाईल. रजिस्टरची किंमत कमांड देताच साठवली जाते, तिला वेगळं सेव्ह लागत नाही.

काही जण रीलोड न करता ‘कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग’ करतात. तेही चालतं, पण मग पोर्ट बंदच राहतात, कारण सेव्ह केलेल्या कॉन्फिगमध्ये ‘नो शटडाउन’ अशी ओळच नसते. प्रत्येक इंटरफेसवर जाऊन ती हाताने द्यावी लागते. तुमच्यासाठी रीलोडच सरळ.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार! होस्टनेम आलं, दोन्ही पोर्ट अप आहेत. ‘शो व्हर्जन’मध्येही आता २१०२ दिसतंय. पॅकेट ट्रेसरवर इतकी वर्षं शिकवून हे रजिस्टर बघायची वेळच आली नव्हती. आता प्रॅक्टिकलमध्येच घेते. अजून एक विचारू का? एका बॅचने केलेले बदल काढून पुढच्या बॅचला मूळ कॉन्फिग द्यायचं, तर दर वेळी रीलोडच करायचा का?

प्रतिसाद ३

नाही, गरज नाही. मूळ कॉन्फिगची एक प्रत ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग फ्लॅश:बेस.सीएफजी’ अशी राउटरच्या फ्लॅश मेमरीत ठेवा. बॅच संपली की ‘कॉन्फिगर रिप्लेस फ्लॅश:बेस.सीएफजी’. साधी कॉपी केली तर जुन्या ओळींत नव्या मिसळतात. रिप्लेस मात्र जादा ओळी काढून टाकतं. आयओएस (राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) फार जुनं असेल तर ही कमांड मिळणार नाही, तेव्हा आधी ‘कॉन्फिगर’ लिहून प्रश्नचिन्ह दाबा आणि यादीत रिप्लेस आहे का ते बघा. आणि बेसमध्ये ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ नक्की घाला, नाहीतर मुलांनी एक अक्षर चुकवलं की राउटर तो शब्द डीएनएसमध्ये शोधत बसतो आणि कन्सोल तेवढा वेळ अडकतो.