कल्चर कोरं, तरी लघवीचा त्रास थांबत नाही

कराडची सून: सासूबाई ५८ वर्षांच्या. ओटीपोट भरत आलं की कळ येते, लघवीला जाऊन आलं की उतरते, तासाभरात पुन्हा तेच. एसटीत बसायचीच धास्ती घेतलीय. लघवीच्या रुटीन तपासणीत दर वेळी पस सेल्स (पू-पेशी) १५-२०, कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघतात त्यात) ‘नो ग्रोथ’. तरी अँटिबायोटिक चालूच. 'वयोमानाने होतं' म्हणतात. खरंच?

मुक्ता: वयावर ढकलू देऊ नका, ताई. मलाही असंच व्हायचं, निघालं हन्नर लीजन. बाल्टिमोरच्या गाय हन्नर यांनी १९१५ साली मूत्राशयातल्या या जखमांचं वर्णन केलं. रक्त-लघवीच्या कुठल्याच तपासणीत हे कळत नाही. दुर्बीणच घालावी लागते. माझी भूल देऊन केली. लघवीची पिशवी पाण्याने फुगवली तसा आतला लालसर चट्टा चिरला आणि रक्त ओघळलं. बायोप्सी घेऊन तो तिथेच जाळला. पुष्कळ आराम पडला. चट्टा पुन्हा येऊ शकतो, पण निदान दुखण्याला नाव मिळालं. मात्र बाकीचे आजार नाहीत याची खात्री झाल्यावरच हे नाव लावतात.

लॅबवाला: आणि त्यात पहिला टीबी! पस सेल्स आहेत, कल्चर कोरं, म्हणजे आपल्याकडे मूत्रमार्गाचा टीबी बघायलाच हवा. साध्या कल्चरमध्ये त्याचे जंतू वाढत नाहीत. सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी एएफबी कल्चरला, म्हणजे टीबीच्या जंतूंसाठीच्या खास कल्चरला द्या. रिपोर्टला सहा-आठ आठवडे लागतात. सीबीनॅट ही टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी लवकर होते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं धरू नका. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं होतं का? ते टीबीच्या जंतूंवरही चालतं, त्यामुळे रिपोर्ट फसवा येऊ शकतो. किडनीची सोनोग्राफीही हवी, आणि कॅन्सरच्या पेशींसाठी लघवीची सायटॉलॉजी.

कराडची सून: कागद काढून बघितले. लिव्होफ्लॉक्सासिन दोनदा दिलंय. दुर्बिणीची सासूबाईंना फार भीती वाटते.

मुक्ता: साहजिक आहे. तोवर मापाचा पेला घेऊन दर वेळची लघवी आणि वेळ वहीत लिहा, रात्रीचीसुद्धा. पिशवीत एरवी ३००-५०० मिली सहज मावते. त्यांना दर वेळी ८०-१०० मिलीच होत असेल, तर युरॉलॉजिस्टला ते त्या पानावरच दिसेल. वहीबरोबर औषधांचे सगळे कागदही न्या.