इमॅक्युलेट: अर्थ काय आणि शब्द आला कुठून?

रानजाई:
सेकंडहँड गाडी बघतेय सध्या, दर दुसऱ्या जाहिरातीत 'इमॅक्युलेट कंडिशन' असतंच. एकदम चकाचक, एवढं कळतं. पण पणजीला गेलेलो तेव्हा त्या पांढऱ्या, नागमोडी पायऱ्यांच्या चर्चच्या नावातही हाच शब्द दिसला, इमॅक्युलेट कन्सेप्शन. गाडीला आणि चर्चला एकच शब्द कसा काय?

शब्दवेडा:
मूळ लॅटिन. 'मॅक्युला' म्हणजे डाग, ठिपका, आणि त्याच्या आधी नकाराचा 'इन', पुढच्या म मुळे त्यातल्या न् चा म् झाला, आपल्याकडे जगत् + नाथ चं जगन्नाथ होतं ना तसंच काहीसं. आपला निर्मळ अगदी याच साच्यातला. इंग्रजीत १५व्या शतकात आला तेव्हा अर्थ होता पापाचा डाग नसलेला, कपडे, घर वगैरेंसाठी बरंच नंतर वापरायला लागले. म्हणजे चर्चवाला अर्थ आधीचा, गाडीवाला मागाहूनचा. म्हणून नुसतं 'स्वच्छ' म्हटलं की शब्दाचा जीव जातो. स्वच्छ तर फडका मारूनही होते गाडी, इमॅक्युलेट म्हणजे शोधूनसुद्धा ओरखडा सापडू नये.

मांडवीकाठ:
आमच्या पणजीच्या चर्चचं फेस्त, म्हणजे सण, ८ डिसेंबरला. खूप जणांना वाटतं की हे नाव येशूच्या जन्मावरून आहे, तसं नाही हो! कन्सेप्शन म्हणजे गर्भधारणा; येशूची आई मरिया स्वतः आपल्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासून तिला मूळ पापाचा, म्हणजे प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो त्या पापाचा, डाग नव्हता, ही ती श्रद्धा. मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर, मोजून बघा, बरोब्बर नऊ महिने. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये ८ डिसेंबरलाच हे अधिकृत केलं, पण श्रद्धा त्याच्या कितीतरी आधीची.

सुईदोरा:
हाच मॅक्युला डोळ्यातपण असतो! आईला मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे मॅक्युला खराब होत जाण्याचा आजार, निघाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या मधोमध पिवळसर ठिपका असतो तो मॅक्युला, वाचणं, सुईत दोरा ओवणं सगळं त्याच्या जिवावर. चौकटी-चौकटींचा कागद समोर धरला, एक डोळा झाकून मधल्या टिंबाकडे बघायला लावलं, तर आई म्हणते, रेघा अशा वाकड्या का काढल्यात? रेघा सरळच होत्या. इथे डाग आहे म्हणून नीट दिसतं, हे मला तेव्हा कळलं.

रानजाई:
नऊ महिन्यांचा हिशोब भारीच! सुईदोरा, त्या कागदाला काय म्हणतात? बाबांना हल्ली पेपर वाचताना मधली अक्षरं पुसट दिसतात.

सुईदोरा:
अ‍ॅम्सलर चार्ट. पण घरी कागद बघत बसू नका, याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या त्यांना. आम्ही चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणत चार महिने घालवले.