नवी आवृत्ती आली म्हणून चालू कॅम्पेन मोडायचे का?

कृष्णाकाठ:

‘नव्या पुस्तकांवर खेळा, नाहीतर जागा मोकळी करा’ असा सूर लावणारे एक टिपण गेल्या आठवड्यात येथे आले. २०२४ची पुस्तके बाजारात असताना २०१४च्या नियमांनी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत पात्रांची कथा रंगवण्याचा खेळ) खेळणारी सांगली-मिरजेची मंडळी आठवणींत अडकली आहेत, त्यांना बदल सोसत नाही आणि त्यांच्या हट्टामुळे नवख्यांना टेबल मिळत नाही, असे त्यात म्हटले होते. याला चार ओळींत उत्तर देणे मला शक्य नाही.

बदल न सोसणारा माणूस या खेळात टिकलाच नसता. थॅको, म्हणजे वार लागला की नाही हे काढायचे जुने उलटे गणित, पाठ केलेल्यांनी २०००मध्ये तो सोडून चढत्या आर्मर क्लासचे (वार लागायला फाशावर गाठायच्या आकड्याचे) गणित शिकून घेतले. एल्फ आणि ड्वार्फ या वंशांच्या पात्रांनी ठरावीक लेव्हलच्या पुढे जायचे नाही, ही जुनी अटही तेव्हाच गेली आणि तिच्यासाठी हळहळणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. माझी तक्रार आहे ती चालू कॅम्पेनमधल्या, म्हणजे अनेक बैठकी चालणाऱ्या एकाच कथेतल्या, पात्राला मध्येच हात लावण्याबद्दल. विश्रामबागेतल्या आमच्या टेबलावर मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आहे आणि तिथे एक हाफ-एल्फ (अर्धी एल्फ, अर्धी माणूस) बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारी, आहे. आईच्या माणसांनीही नाकारले आणि वडिलांच्या माणसांनीही नाकारले, हाच तिच्या कथेचा कणा आहे. २०२४च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाडूंच्या मूळ नियमपुस्तकात, हाफ-एल्फही नाही आणि हाफ-ऑर्कही नाही. आमच्या पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, एकाच टर्नमध्ये (पाळीत) दोन्ही वारांवर डिव्हाइन स्माइट, म्हणजे वाराला जोडायचा दैवी तडाखा, लावता येत होता. आता तो बोनस ॲक्शन (पाळीतली एकच जादा कृती) खर्चून टाकायचा मंत्र झाल्यामुळे टर्नला एकदाच लागतो आणि समोरचा जादूगार काउंटरस्पेल हा मंत्र मोडणारा मंत्र टाकून तो हाणूनही पाडू शकतो. ज्या खेळाडूने याच बळावर अख्खे पात्र घडवले, त्याला कथेच्या ऐन मध्यावर नवा कायदा वाचून दाखवायचा का?

फासेवाला, गणपती पेठ:

हाफ-एल्फविषयी तुम्ही अर्धीच माहिती दिली आहे. जुन्या पुस्तकातले पात्र नव्या नियमांत कसे आणायचे, हे त्याच हँडबुकात स्पष्ट लिहिले आहे. जुन्या पुस्तकातली ॲबिलिटी स्कोअरची (ताकद, चपळाई अशा गुणांच्या आकड्यांची) वाढ सोडून द्यायची, ती पात्राच्या नव्या बॅकग्राउंडकडून (पूर्वायुष्याकडून) घ्यायची आणि बाकीचे सारे तसेच ठेवायचे. तुमच्या बार्डला कोणीही हाकललेले नाही.

स्माइटबद्दल मात्र मला रागच आहे, आणि तो नव्या नियमावर नाही. मी अनेक वर्षे फायटर, म्हणजे जादू नसलेला साधा लढवय्या, खेळलो. मोठ्या लढाईची तयारी आम्ही सगळ्यांनी मिळून करायची आणि पॅलाडिनने पहिल्याच टर्नमध्ये मंत्रशक्तीचे दोन-तीन स्लॉट स्माइटमध्ये ओतून शत्रू संपवायचा, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. माझी पाळी येईपर्यंत लढाई उरतच नसे. आता नव्या नियमांतल्या वेपन मास्टरीमुळे (शस्त्रागणिक मिळणाऱ्या खास डावामुळे) मॉलच्या, म्हणजे मोठ्या हातोड्याच्या, वाराने शत्रूला आडवे पाडण्याची संधी मिळते, ग्रेटॲक्स या मोठ्या कुऱ्हाडीचा वार शेजारच्या शत्रूपर्यंत नेता येतो आणि वाट पाहण्यापलीकडे मला काही करण्यासारखे राहते. पॅलाडिनच्या दुःखावर लिहिताना फायटरची एवढी वर्षे कोणालाच का आठवत नाहीत?

मिरज जंक्शन:

फायटरला खरे काम २००८च्या चौथ्या आवृत्तीने दिले होते. शत्रूला मार्क करून त्याचे लक्ष स्वतःकडे ओढायचे आणि मागच्या साथीदारांना वाचवायचे, ही भूमिका तिच्यात नीट बसवलेली होती. ती न वाचता, न खेळता लोकांनी तिला ‘कॉम्प्युटर गेम’ म्हणून हिणवले. आमचे टेबल त्याच वादात फुटले. अर्धे लोक २००९मध्ये आलेल्या पाथफाइंडर या दुसऱ्या प्रकाशकाच्या खेळाकडे गेले आणि त्यांतले दोन जण अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. त्या फुटलेल्यांना आसरा कशाने मिळाला, हेही लक्षात घ्या. २०००पासूनचा खुला परवाना होता, म्हणून डी अँड डीच्या साडेतीन (३.५) आवृत्तीच्या नियमांवर दुसऱ्या प्रकाशकाला आपले पुस्तक उभे करता आले. जानेवारी २०२३मध्ये त्याच परवान्यावर घाला घालणारा, डी अँड डी छापणाऱ्या कंपनीचा मसुदा बाहेर फुटला तेव्हा जुने-नवे सगळे एकत्र आले होते. नियम कोणते चांगले याहून ते कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न मोठा आहे.

गावभाग:

ताब्याचाच विषय निघाला आहे, तर सांगते. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि आमच्या तळमजल्यावरची सगळी पुस्तके चिखलात गेली. त्यानंतर मी निश्चय करून सारे काही डी अँड डी बियाँड या कंपनीच्याच ॲपवर विकत घेतले. ऑगस्ट २०२४मध्ये कंपनीने जाहीर केले की कॅरेक्टर शीटवरचे (पात्राच्या नोंदपत्रावरचे) जुने मंत्र आणि जादूई वस्तू यांच्या जागी नव्या आवृत्तीतले येतील आणि ज्याला जुने हवेत त्याने ते होमब्रू, म्हणजे घरगुती नियम, म्हणून स्वतः भरून घ्यावेत. लोक खवळले आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. पण पैसे मोजून घेतलेले पान दुसऱ्याला बदलता येते, हे तेव्हा कळले ते कळलेच.

कृष्णाकाठ:

म्हणूनच मी छापील पुस्तकाचा आग्रह धरतो. छापलेले पान रातोरात कोणाला बदलता येत नाही. दोनदा विचार न करता लोक ॲपवर पैसे ओततात आणि मग पस्तावतात.

गावभाग:

तुमचे घर पूररेषेच्या बाहेर आहे, म्हणून तुम्हाला हे लिहिणे जमते. आमच्याकडे धोक्याची पातळी ४५ फुटांवर येते आणि पावसाळा आला की पुस्तके माळ्यावर चढवायची, ही नेमाची गोष्ट आहे. पुरात गेलेली पुस्तके मी हौसेने गमावली नाहीत आणि ॲपही हौसेने घेतलेले नाही. मी विचार केला नाही, हा तुमचा शब्द मला लागला.

होस्टेलचा डीएम:

तुमच्या दोघांच्याही बोलण्यात विकत घेणे गृहीत धरलेले आहे. एका हँडबुकाची छापील किंमत ४९.९९ डॉलर आहे, आणि त्यावर ते इथवर आणण्याचा खर्च वेगळा. आमच्या होस्टेलवर सहा जणांत एकही पुस्तक नाही. एसआरडी ५.१ हा कंपनीचा नियमसंच जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहे, कंपनीला तो परत घेता येत नाही, आणि त्यात २०१४चे मूळ नियम आहेत. आम्ही जुने खेळतो ते या कारणाने. मूळ टिपण लिहिणाऱ्याने आम्हाला आठवणींत अडकलेले म्हणावे, याचा मला फार संताप आला. २०१४मध्ये मी प्राथमिक शाळेत होतो.

फासेवाला, गणपती पेठ:

हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. मात्र २०२४च्या नियमांचा नवा एसआरडी ५.२ही २०२५मध्ये त्याच परवान्याखाली आला आहे, त्यामुळे पैशाचे कारण यापुढे तितकेसे टिकत नाही.

हरिपूरची बार्ड:

ज्या हाफ-एल्फवरून हा धागा सुरू झाला, ते पात्र माझे आहे आणि तिला काय हवे ते मला अजून कोणी विचारलेले नाही. मला नवे नियम हवे आहेत. जुन्यात बार्डिक इन्स्पिरेशनचा, म्हणजे बार्ड साथीदाराला देते तो मदतीचा, फासा निकाल कळण्याआधी टाकावा लागे आणि तो पुष्कळदा वाया जाई. आता साथीदार अपयशी ठरल्यावर तो वापरता येतो, म्हणजे माझे गाणे नेमके गरजेच्या वेळी कामी येते. तिची नाकारलेली माणसे माझ्या वहीत आहेत, ती पुस्तकावर अवलंबून नाहीत. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत पहिला प्रयोग केला तेव्हा पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे संवाद उत्स्फूर्त बोलत. १८८०मध्ये किर्लोस्करांच्या शाकुंतलात पात्रे स्वतः गाऊ लागली. आपल्या टेबलावरही कोणी काय गायचे, हे एकट्या डीएमने ठरवू नये.

कृष्णाकाठ:

बार्डपुरते मान्य आहे; पुढच्या रविवारपासून तिने नव्या हँडबुकावर खेळावे. पॅलाडिनच्या खेळाडूने मला स्पष्ट नकार कळवलेला आहे, त्यामुळे त्याचा स्माइट २०१४चाच राहील. एका टेबलावर दोन आवृत्त्या चालवण्याचा त्रास डीएम म्हणून मला होणार आहे आणि तो मी घेईन, पण त्याची संमती नसताना त्याचे शीट बदलणार नाही. गावभाग ताई, ‘दोनदा विचार न करता’ हे शब्द मी मागे घेतो. छापील पुस्तकाबद्दलचे मत मागे घेत नाही.

गावभाग:

शब्द मागे घेतलेत, एवढे पुरे आहे. २०१४चे हँडबुक तुमच्याकडे जास्तीचे असेल, तर होस्टेलच्या मुलांना द्या.