मदत हवी आहे: ओव्हरलँड ट्रॅकची तयारी नागपुरात कशी करू?

नमस्कार मंडळी,

लेक मेलबर्नला असते. तिने मला न विचारताच ऑस्ट्रेलियाच्या तास्मानिया बेटावरच्या ओव्हरलँड ट्रॅक या डोंगरी पायवाटेचं जानेवारीचं बुकिंग केलंय, दोघींचं. (ऑक्टोबर ते मे बुकिंग लागतंच आणि उत्तरेकडून दक्षिणेकडेच चालायचं, क्रेडल माउंटनकडून लेक सेंट क्लेअरला.) ६५ किलोमीटर, सहा दिवस. माझं वय ५३, रोज अंबाझरीला पाच किलोमीटर चालते. म्हटलं, दिवसाला दहा-अकरा म्हणजे काय मोठंसं! मग तिने सामानाची यादी पाठवली.

वाटेत मुक्कामाच्या हट आहेत, पण जागा मिळेलच असं नाही, म्हणून तंबू न्यायचाच. गादी नाही, स्वयंपाकाचा स्टोव्ह नाही. सगळं पाठीवर. बॅग काही केल्या १४ किलोच्या खाली येईना. त्यात पहिल्याच दिवशी मॅरियन्स लुकआउटचा खडा चढ.

इथे चढ कुठून आणू? सेमिनरी हिल्सचा चढ सुरू होतो तोच संपतो. रामटेकला गडाच्या पायऱ्या दोनदा चढून आले, तेही रिकाम्या हाताने, तरी उतरताना मांड्या लटलटल्या. वर वानराने हातातली प्रसादाची पिशवी पळवली ते वेगळंच.

दुसरी भीती ओल्या थंडीची. तिथे जानेवारीत उन्हाळा, पण बर्फ कधीही पडू शकतो म्हणे. उघडी पठारं, मग शेवाळलेलं वर्षावन, चिखल, जळवा. ४५ डिग्री सांगा, मी हसत काढीन. पण भिजून कुडकुडायची सवय नाही. काय नेऊ, काय टाळू?

प्रतिसाद १
ताई, मी केलाय हा ट्रॅक. दम चढावर लागतो, पण पाय गळतात ते उतारावर. त्यामुळे जिना चढण्यापेक्षा वजन घेऊन उतरायचा सराव करा. पाच किलोपासून सुरुवात, दर आठवड्याला थोडं वाढवा, आणि लागोपाठ दोन दिवस करा. दुसऱ्या दिवशीचे दुखरे पायच खरी परीक्षा घेतात.

सुती कपडे अजिबात नको, भिजले की वाळत नाहीत. बॅगेच्या वरच्या कव्हरवर विसंबू नका. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला. झोपायचे कपडे काही झालं तरी ओले होऊ देऊ नका. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिथेच घ्या. बुटांचा चिखल इथेच घासून काढा आणि खाण्याचे पदार्थ विमानतळावर जाहीर करा.

आणि हो, वानरं नाहीत तिथे, पण करावाँग नावाचा काळा पक्षी चोचीने बॅगेची चेन उघडतो!

मूळ धागाकर्ती
आभार, भाऊ! आज पाच किलो तांदूळ पाठीवर घेऊन चार मजले तीनदा चढले-उतरले. शेजारच्या काकू दार उघडून म्हणाल्या, "काहून वो, लिफ्ट बंद आहे का?"

पातळ पोहे आणि शेंगदाण्याची चिक्की नेऊ का? सहा दिवस तर्रीशिवाय काढायचे म्हणजे निदान पोहे तरी हवेत.