दोऱ्या सैल पडतात त्याबद्दल

कंट्रोल लाइनचं विमान, म्हणजे मधे उभ्या माणसाच्या हातातल्या दोऱ्यांना बांधून गोल उडवायचं मॉडेल, पहिल्याच फेरीत दोऱ्या सैल पडून त्याच्याकडे आत का येतं, असं एकाने विचारलंय. दोष बहुधा इंजिनाचा नसतो. कंट्रोल लाइनचं विमान घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) थोडं उजवीकडे वळवा, इंजिनही किंचित वर्तुळाच्या बाहेर रोखा. उजव्या पंखाच्या टोकात शिशाचा छोटा तुकडा बसवा; डावीकडच्या दोऱ्यांचं वजन तोलायला तो लागतोच. रेसिंगला एलिव्हेटरची (शेपटीवरच्या आडव्या, विमान वर-खाली नेणाऱ्या भागाची) हालचाल अगदी थोडी पुरते.

आणि कळकळीची विनंती: इंजिनामागची फळी आणि टाकीची जागा इपॉक्सीने नीट बंद करा. इंधनातलं एरंडेल बाल्सात (मॉडेलच्या हलक्या लाकडात) मुरलं की नंतर गोंद धरतच नाही. माझं एक सुंदर मॉडेल असंच नाकाशी मऊ पडून गेलं, अजून हळहळ वाटते.