मदत हवी आहे: ब्युनोस आयर्सचं स्टेकहाऊस आणि शाकाहारी आई

नमस्कार मंडळी,

आईबाबा पुढच्या महिन्यात आमच्याकडे ब्युनोस आयर्सला येताहेत. नवऱ्याच्या सहकाऱ्याने आम्हा सगळ्यांना पालेर्मो भागातल्या पर्रिशात, म्हणजे इथल्या स्टेकहाऊसमध्ये, जेवायला बोलावलंय. माणूस फार अगत्याचा आहे, नाही म्हणवत नाही.

आई पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. बाबांना मटण-मासे आवडतात, पण बीफ आणि पोर्क नको. आम्ही दोघं सगळं खातो, त्यामुळे इथल्या मेन्यूचा शाकाहारी कोपरा मला ठाऊक नाही. आई कधी तक्रार करत नाही. सॅलडची पानं चिवडत बसेल आणि "पोट भरलं गं" म्हणेल. तेच मला नकोय. तिला गरम आणि पोटभर मिळायला हवं.

भाज्या मांसाच्याच जाळीवर भाजतात का? मक्याच्या एम्पानादा (करंजीसारखा भरलेला पदार्थ) चालतील? आणि इथे रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊला, तर आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं?

प्रतिसाद:

ताई, मी तिथे काही वर्षं राहिलोय. वेळेचं आधी सांगतो. बरीच पर्रिशा आठला उघडतात. आठचंच टेबल घ्यायला सांगा आणि आईंना संध्याकाळी थोडं खायला घालून न्या. 'डॉन हुलियो' या पर्रिशासारख्या गाजलेल्या ठिकाणी आरक्षण नसेल तर रांगेत बराच वेळ जातो, तिथे नको.

जाळी बहुतेक एकच असते, त्यामुळे भाजलेल्या भाज्या आईंना चालणार नाहीत. पण 'पापास अल प्लोमो' विचारा. बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यात भाजतात, मांसाला लागत नाहीत. प्रोव्होलेता मात्र नक्की मागवा: प्रोव्होलोन चीजची जाड चकती, वर ओरेगानो, कडा खरपूस आणि आत तार सुटणारी. ती लोखंडी तव्यातच द्या म्हणून सांगा, काही ठिकाणी थेट जाळीवर ठेवतात. चीजमधलं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात, बऱ्याचदा वासराच्या पोटातून काढलेलं) आईंना चालतं का, तेवढं विचारून घ्या. सोबत भोपळ्याचा 'पुरे' (शिजवून घोटलेला लगदा), पाव आणि चिमिचुर्री सॉस. लसूण, व्हिनेगर, पार्सली, तिखट; आपल्या जिभेला लगेच पटतं.

एम्पानादा टाळा. आत मका असला तरी पारीत बऱ्याचदा गाईची चरबी असते. फ्रेंच फ्राइजही काही जुन्या ठिकाणी चरबीत तळतात, विचारूनच घ्या. ताज्या पास्त्यात अंडं असतं. आणि वेटरला नुसतं 'कार्ने नको' म्हणू नका, तिथे कार्ने म्हणजे बीफ, मग चिकन किंवा हॅम समोर येतं. मांस, चिकन, हॅम, मासे, अंडं, सगळ्यांची नावं घेऊन सांगा.

बाबांसाठी पातागोनियाचं कोकरू किंवा ट्राउट मासा. 'चिवितो', म्हणजे करडू, मिळालं तर सोडू नका. चोरिसो त्यांना नको, त्यात पोर्क असतं आणि बऱ्याचदा बीफही.

धागाकर्ती:

खूप खूप आभार! यजमानांना आजच फोन करून आठचं टेबल घ्यायला सांगते. गोडात आईला काय देता येईल? फ्लानमध्ये (इथलं कॅरॅमल कस्टर्ड) अंडं असतं ना?

प्रतिसाद:

हो, आणि दुल्से दे लेचेच्या (आटवलेल्या गोड दुधाच्या) पानकेकेसमध्येही, म्हणजे पॅनकेक्समध्ये. आईंसाठी 'केसो इ दुल्से' मागवा: चीजच्या तुकड्यावर रताळ्याच्या घट्ट गोड वडीचा काप. त्यात अंडं नसतं. आईंना साखर बेताची हवी, तर एक प्लेट बाबांबरोबर वाटून घ्यायला सांगा.