बंदिशींच्या वह्या रागवार लावायच्या, की बुवांनी ठेवल्या तशाच?

वहीवाचक

गाणाऱ्या माणसाचे कागद ग्रंथालयात येतात ते बहुधा एखाद्या ट्रंकेत नाहीतर दोन-तीन गाठोड्यांत. बंदिशींच्या वह्या, शिष्यांची पत्रं, रेडिओची करारपत्रं, कार्यक्रमपत्रिका, वाण्याची बिलं, सगळं एकात एक. आले की सूचना ठरलेली असते: वह्या संगीत विभागात द्या, पत्रं वेगळी काढा, बिलं टाकून द्या, आणि सुटी पानं रागवार लावा. माझं मत, यातलं काहीही करू नये. एका माणसाचा संग्रह एकत्रच राहावा आणि त्याने ठेवलेल्या क्रमातच राहावा.

कारण बंदिशीच्या पानावर तारीख क्वचितच असते. ती शेजारच्या कागदावरून कळते. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. तिच्यासाठी आखलेली चीज, म्हणजे बंदिश, वहीत असते तीही तेवढीच: अस्ताई (पहिला भाग), अंतरा (दुसरा भाग), मोजक्या ताना. त्याच घडीत ग्रामोफोन कंपनीचं पत्र असेल तर उलगडा होतो. पत्र दुसऱ्या विभागात गेलं की सूचीत त्या पानापुढे 'अपूर्ण' असा शेरा पडतो, आणि तो शेरा पुढे कायम राहतो.

स्वरलिपीचं, म्हणजे सूर खुणांनी कागदावर लिहिण्याचं, तर याहून अवघड. भातखंडे आणि पलुसकर या दोन संगीतज्ञांच्या तिच्या दोन पद्धती. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक. पलुसकर पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक. भातखंड्यांकडे मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र (चढा) म, पलुसकरांकडे स्वरावर उभी रेघ म्हणजे तार सप्तक. सुटं पान हातात आलं तर कोणत्या पद्धतीने वाचायचं? बऱ्याचदा वहीच्या पहिल्या पानावर खुणांची यादी असते, किंवा लिहिणारा कोणाकडे शिकला हे पत्रांवरून कळतं. पान वहीपासून तोडलं की ही किल्लीच हरवते. आणि अनेकांनी चिन्हं दोन्हीकडून उचलून स्वतःची तिसरीच पद्धत केलेली असते, ती तर त्या वहीबाहेर कुठेच सापडणार नाही.

तानपट्टा

हा सगळा विचार चरित्र लिहिणाऱ्याच्या सोयीचा झाला. वह्या लिहिल्या गेल्या गाण्यासाठी. गायक ग्रंथालयात येतो तो गौडमल्हार रागातल्या विलंबित (संथ) एकतालाच्या चिजा शोधायला. त्याच्यापुढे 40 वह्या ठेवून 'चाळा' म्हणायचं? संध्याकाळपर्यंत त्याच्या चार वह्याही होत नाहीत, आणि प्रत्येक चाळण्यागणिक कागद झिजतो तो वेगळाच.

भातखंड्यांनी जयपूर, रामपूर आणि कुठून कुठून चिजा मिळवल्या. गावाच्या किंवा उस्तादाच्या नावाने गठ्ठे बांधून ठेवले असते तर आज कोण वापरणार होतं? क्रमिक पुस्तक मालिकेचे सहाही भाग रागवार आहेत, म्हणून ती पुस्तकं आजही वर्गात उघडली जातात. आणि बिलं जपण्यात मला खरंच अर्थ दिसत नाही. कपाटाला मर्यादा असते.

वहीवाचक

पुस्तक रागवार हवं हे मान्यच आहे. पण छापील पुस्तक आणि त्यामागचे मूळ कागद यांचं काम वेगळं. पुस्तकातला पाठ कुणी शंकेने तपासायचा झाला तर तो मूळ कागदाकडेच येणार, आणि तिथेही कुणीतरी आधीच निवड करून ठेवलेली असेल तर तपासणार काय?

तुम्ही म्हणता ते रागवार लावणं दिसतं तितकं सोपंही नाही. वहीत नुसतं 'आसावरी' हे रागनाम लिहिलंय. कोमल (उतऱ्या) रिषभाची, म्हणजे 'रे'ची, की शुद्ध रिषभाची? ध्रुपद गाणाऱ्यांकडची कोमल रिषभाची, भातखंड्यांच्या थाटातली (रागांच्या वर्गवारीतली) शुद्ध रिषभाची. चीज नोटेशनशिवाय नुसत्या शब्दांत असेल, आणि बहुतेक वेळा तशीच असते, तर लावणारा अंदाजाने एका ढिगात टाकणार. मूळ वहीत त्या पानाच्या पुढेमागे त्याच गुरूच्या चार चिजा असत्या तर अंदाज करावा लागला नसता.

बिलांबद्दल: वाण्याची सगळी जपा असं म्हणत नाही. पण तंबोरा जवारीला (घोडी घासून नाद जुळवायला) दिल्याचं, भोपळा बदलल्याचं, साथीदाराला बिदागी दिल्याचं कागदपत्र फेकलं तर गाण्याच्या धंद्याचा हिशेब आपण कशावरून मांडणार?

दप्तरखाना

दोघंही कागदांच्या पेटीच्या आतल्या क्रमावर भांडताय. अर्धं नुकसान त्याआधीच, ट्रंक उघडताना होतं, म्हणून थोडं लांबण लावतो.

ट्रंक रिकामी करण्याआधी वरून फोटो काढा. प्रत्येक थर उचलला की पुन्हा फोटो. गाठोड्यांना क्रमांक द्या, आतल्या कागदांना उपक्रमांक. पानांवर आकडा घालायचा तो मऊ पेन्सिलीने, वरच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक. पेन, शिक्का, चिकटपट्टी काही नाही. वही दोन्ही टोकांनी लिहिलेली असेल (एका बाजूने ख्याल, उलटी करून मागून नाट्यपदं, हे नेहमीचं) तर पुढच्या भागाला 'अ', मागच्याला 'ब', आणि मधली कोरी पानंही मोजा. कोरी म्हणून ती सोडली की पुढे पान गहाळ झालंय की मुळातच कोरं होतं, हा वाद मिटत नाही.

गंजलेल्या टाचण्या ओढू नका. कागद सपाट ठेवून पातळ पट्टीने टाचणीची टोकं आधी मोकळी करा. जांभळी पेन्सिल दिसली तर सावध राहा. तिच्यात पाण्यात विरघळणारा रंग असतो, ओल लागली की अख्खं पान जांभळं होतं. म्हणजे सुरकुत्या काढायला वाफ देणं बाद. लोहयुक्त काळ्या शाईने कागद अक्षराच्या रेषेवरच तुटत असेल तर तिथेही ओली खळ लावू नये, ओलाव्याने शाईतलं आम्ल आणखी पसरतं. लॅमिनेशन तर कधीच नाही. आतला कागद पुढे सोडवता येत नाही आणि तो आतल्या आत पिवळा पडून कडक होत जातो.

कसर किंवा वाळवी लागलेला गठ्ठा थेट भांडारात नेऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंशांवर दोन आठवडे, मग बाहेर काढून पिशवी न उघडता एक दिवस. फोटो आणि टेपची रिळं त्याआधी वेगळी करायची, ती गोठवायची नाहीत. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, आणि 65 च्या वर बुरशी धरायला लागते. तिथे डांबरगोळ्यांचा काही उपयोग नाही. वारा खेळता हवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे हवं.

आता तुमच्या वादाकडे. वर्तमानपत्राचं कात्रण वहीत असेल तर त्याच्या आम्लाने शेजारचं पान तपकिरी पडतं. म्हणजे काही वस्तू हलवाव्या लागतातच. त्या जागी आम्लरहित कागदाची चिठ्ठी घालायची: काय होतं, कोणत्या पानांच्या मधे होतं, आता कुठे ठेवलंय. वस्तू हलली तरी क्रम कागदोपत्री शाबूत राहतो.

खमाजी

क्रम कुठलाही ठेवा, माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. पेटी लागली की लगेच 'स्कॅन करून सर्वांना खुलं करा' सुरू होतं. बंदिशीची वही म्हणजे आठवणीसाठी मारलेल्या खुणा. सम (तालाची पहिली मात्रा) कुठे, अंतरा कुठून उचलायचा, एवढंच तिच्यात असतं. आस (सुरांमधला अखंड नाद), कण (ओझरता स्वर), शब्दांची वजनं तालमीत मिळतात. तालीम नसलेला माणूस ती पानं पाहून चीज बसवतो आणि 'अमुक बुवांची मूळ चीज' म्हणून पसरवतो. तो चुकीचा पाठ मग घराण्याच्या नावावर चढतो. घरच्यांनी विश्वासाने दिलेले कागद वाचनालयातच, ओळख पटवून, समोर बसून पाहू द्यावेत.

तानपट्टा

चुकीचा पाठ पसरतो तो मूळ पान बघायला मिळत नाही म्हणून. पान समोर असेल तर निदान दाखवता येतं की इथे असं लिहिलेलं नाही. आणि 'समोर बसून पाहा' म्हटलं की अमेरिकेत शिकवणारी मंडळी किंवा धारवाडचा विद्यार्थी दाराबाहेरच राहिला.

कलमबहाद्दर

कायद्याचा भाग वेगळा करून बघा, निम्मा गोंधळ तिथेच आहे.

कागदाची मालकी आणि त्यातल्या मजकुराचा हक्क या दोन गोष्टी आहेत. शिष्याने बुवांना पाठवलेलं पत्र बुवांच्या ट्रंकेत असलं तरी मजकुराचा हक्क शिष्याचा आणि त्याच्या वारसांचा. बुवांच्या वारसांनी पेटी दान केली म्हणून ते पत्र छापायची परवानगी मिळाली असं होत नाही. परंपरेने आलेल्या, सदारंग या रचनाकाराची छाप (शब्दांत गुंफलेलं नाव) असलेल्या जुन्या चिजेवर कुणाच्याच घराचा हक्क नाही. बुवांनी स्वतः बांधलेल्या बंदिशीवर आहे.

1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हयातीत प्रकाशित झालेल्या रचनेचा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं. भातखंडे 1936 मध्ये गेले, तेव्हाची मुदत 50 वर्षांची होती, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं 1986 अखेरच मुक्त झालं. पण हयातीत न छापलेल्या लिखाणाची 60 वर्षं पहिल्या प्रकाशनापासून मोजतात, आणि वहीतलं बरंचसं याच खात्यात येतं. त्यावर कलम 52 मध्ये एक वाट आहे: लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयातलं अप्रकाशित लिखाण अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने उतरवून घेता येतं, लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला 60 वर्षं उलटलेली हवीत.

दानपत्रात 'कुटुंबाच्या परवानगीशिवाय दाखवू नये' एवढंच लिहून घेऊ नका. तिसऱ्या पिढीत वारस पंधरा होतात, दोघांचा पत्ता लागत नाही, आणि पेटी कायमची बंद. अट घालायचीच तर तारखेची घाला. अमुक वर्षापर्यंत पत्रं बंद, त्यानंतर निर्णय ग्रंथालयाचा.

खमाजी

तारखेची अट मला चालेल, ही कल्पना चांगली आहे. पत्रांत आजारपणं असतात, शिष्यांच्या फीच्या थकबाक्या असतात, कोणाचं कोणाशी फाटलं ते असतं. वह्यांबाबत मात्र मी मत बदललेलं नाही. प्रतिमा ग्रंथालयातल्या संगणकावर दाखवा, घरी नेऊ देऊ नका.

वहीवाचक

प्रतिमा कशाही दाखवा, आधी नीट काढाव्या लागतील. छोट्या वहीचं पान 400 डीपीआयला (इंचाला 400 ठिपके) रंगीत घेतलं की न दाबलेली फाईल साधारण 23 एमबीची होते. 200 पानांच्या 40 वह्या म्हणजे 8,000 प्रतिमा, सुमारे 185 जीबी, आणि प्रती दोन तरी हव्यात, एक दुसऱ्या इमारतीत. काळी-पांढरी घेऊ नका. पेन्सिलीने नंतर घातलेली कोमलाची खूण आणि शाईतली मूळ ओळ यांतला फरक रंगातच दिसतो.

तानपट्टांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागेल, राग शोधायला सूची हवी. मी ती अशी करेन: वही व पान क्रमांक, वहीत लिहिलेलं रागनाम जसंच्या तसं, प्रचलित रागनाम, ताल, लय, मुखडा (चिजेचा सुरुवातीचा तुकडा), छाप, स्वरलिपी आहे की नाही आणि कोणती, शेजारच्या कागदाचा संदर्भ. लिहिलेलं नाव आणि प्रचलित नाव हे दोन रकाने वेगळे हवेतच. खंबाज, खमाच, खमाज एकाच ठिकाणी सापडले पाहिजेत, पण बुवांनी काय लिहिलं ते पुसलं जाता कामा नये. शेरे मोडीत असतील तर मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून बालबोधीत उतरवताना अंदाजाने शुद्ध करू नका.

तानपट्टा

सूची चांगली आहे, पण ती भरणार कोण? मुखडा ओळखायला गाणं येणारा माणूस लागतो. 40 वह्यांत दोन हजार चिजा असल्या आणि रोज वीस झाल्या तर शंभर दिवसांचं काम आहे, आणि ग्रंथालयात त्या कामाची जागाच नसते. तोवर गायकाने काय करायचं? म्हणून माझं म्हणणं कायम आहे. मूळ वह्यांना हात लावू नका, ठीक. पण प्रतिमांच्या छापील प्रती काढा, त्या रागवार फायलींत लावा आणि पहिल्याच महिन्यात टेबलावर ठेवा. चुकीच्या फायलीत गेलेलं पान गाणारेच दुरुस्त करतील.

दप्तरखाना

चालेल, पण प्रत्येक छापील प्रतीच्या खालच्या कडेला वही आणि पान क्रमांक उमटलेला हवा, आणि खुणांची यादी असलेलं पान प्रत्येक फायलीत पहिलं लावा.

वहीवाचक

आणि कोमल रिषभाच्या आसावरीची फाईल वेगळी.